चढणाऱ्यांना दोन वर्षे, बोलणाऱ्याला पाच

ब्रिटनमध्ये महामार्ग अडवण्याच्या कटासाठी पाच हवामान-आंदोलकांना चार ते पाच वर्षांचा तुरुंगवास झाला. या प्रकरणातला सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे एका झूम कॉलचे रेकॉर्डिंग. तारीख २ नोव्हेंबर २०२२. ‘जस्ट स्टॉप ऑइल’ ही ब्रिटनमधली चळवळ. सरकारने तेल आणि वायूचे नवे परवाने देणे थांबवावे, ही तिची मूळ मागणी. लंडनला वळसा घालणाऱ्या एम२५ या सुमारे १८८ किलोमीटरच्या मोटरवेवर जागोजागी लोखंडी कमानी आहेत, वेगमर्यादेचे आणि दिशांचे फलक ज्यांना लावलेले असतात त्या. या कमानींवर चढून बसायला माणसे हवी होती आणि ती मिळवण्यासाठी हा कॉल होता. ऐकणाऱ्यांत ‘द सन’ या दैनिकाचा वार्ताहरही स्वयंसेवकाच्या वेषात बसलेला होता. कॉल रेकॉर्ड झाला आणि ते रेकॉर्डिंग पोलिसांकडे गेले.

त्यानंतरच्या सोमवारी, ७ नोव्हेंबरला, आंदोलन सुरू झाले. चार दिवसांत ४५ जण वेगवेगळ्या कमानींवर चढले. खाली वाहतूक चालू ठेवून वर माणूस बसू देणे धोक्याचे, म्हणून पोलीस रस्ता अडवत, शिडी लावत, माणूस उतरवत आणि मग रस्ता मोकळा होई. सरकारी वकिलांनी न्यायालयापुढे ठेवलेला हिशेब असा: ७ लाखांहून अधिक वाहनांना फटका, सगळ्यांचा मिळून सुमारे ५१ हजार तासांचा खोळंबा, अर्थव्यवस्थेचे किमान ७ लाख ६५ हजार पौंडांचे नुकसान आणि लंडन पोलिसांचा ११ लाख पौंडांहून जास्त खर्च.

कोणाला मारहाण झाली नाही, काही जाळले गेले नाही. तरीही १८ जुलै २०२४ रोजी लंडनच्या सदर्क क्राउन कोर्टात न्यायाधीश क्रिस्तोफर हेहिर यांनी पाच जणांना तुरुंगात पाठवले. ‘एक्स्टिंक्शन रिबेलियन’ आणि ‘जस्ट स्टॉप ऑइल’ या दोन्हींचे सहसंस्थापक रॉजर हॅलम यांना पाच वर्षे, उरलेल्या चौघांना प्रत्येकी चार. चौघांतली सर्वांत लहान मुलगी २२ वर्षांची होती. अहिंसक आंदोलनासाठी ब्रिटनमध्ये इतकी लांब शिक्षा त्याआधी झाल्याचे तेथील जाणकारांच्याही आठवणीत नव्हते.

या पाच जणांवर कमानीवर चढल्याचा आरोप नव्हता. ते त्या झूम कॉलवर होते आणि आरोप कटाचा होता. याच आंदोलनात खरोखर कमानींवर चढलेल्यांपैकी पाच जणांना दोन आठवड्यांनी, ऑगस्टच्या सुरुवातीला, बॅझिल्डनच्या क्राउन कोर्टाने शिक्षा सुनावली. ती होती २० ते २४ महिने. बोलणाऱ्याला चढणाऱ्याच्या दुप्पट-अडीचपट शिक्षा कशी झाली, हे समजले की हे प्रकरण बरेचसे समजले.

कलम ७८

‘सार्वजनिक उपद्रव’ हा इंग्लंडच्या जुन्या, अलिखित कायद्यातला गुन्हा. दुर्गंधी सोडणारा कारखाना, सार्वजनिक वाट अडवणारा शेजारी, असल्या गोष्टींसाठी तो वापरला जाई. २०२२ मध्ये संसदेने ‘पोलीस, गुन्हे, शिक्षा आणि न्यायालये कायदा’ केला आणि त्याच्या कलम ७८ मध्ये या गुन्ह्याला लेखी रूप दिले. कमाल शिक्षा दहा वर्षे. जुन्या अलिखित कायद्यात वरची मर्यादाच नव्हती, जन्मठेपही देता येत असे, म्हणून दहा वर्षे ही सूटच झाली, असा युक्तिवाद सरकारच्या बाजूने झाला. कागदावर तो बरोबर आहे. पण न्यायाधीश कागदावर दहाचा आकडा पाहतो तेव्हा त्याची मोजपट्टी दहाची होते.

त्या कलमातली ‘गंभीर हानी’ची व्याख्या वाचण्यासारखी आहे. मृत्यू, इजा आणि मालमत्तेचे नुकसान त्यात आहेतच. त्यांच्याच रांगेत तीव्र मनस्ताप, तीव्र वैताग आणि तीव्र गैरसोयही बसवली आहे. माणूस मरणे आणि माणूस वैतागणे या दोन गोष्टी एका शब्दाखाली येतात, आणि दोन्हींना कमाल शिक्षा तीच. दुसरीकडे १९८६ च्या सार्वजनिक सुव्यवस्था कायद्यात ‘हिंसक दंगा’ हा स्वतंत्र गुन्हा आहे. तीन किंवा अधिक माणसांनी मिळून हिंसा करणे किंवा तिची धमकी देणे म्हणजे हा गुन्हा. त्याची कमाल शिक्षा पाच वर्षे. दगडफेक करणाऱ्या जमावातल्या माणसाला या कलमाखाली जास्तीत जास्त जेवढी शिक्षा होऊ शकते, तेवढी हॅलम यांना झाली आणि तीही त्यांच्या कलमाच्या कमाल मर्यादेच्या निम्मीच होती. ‘दंगेखोरांपेक्षा आंदोलकांना जास्त शिक्षा’ अशी ओरड नंतर झाली तेव्हा बहुतेकांनी न्यायाधीशांना दोष दिला. मला वाटते, निम्मा दोष कलमाचा आहे.

उरलेला निम्मा आरोपाच्या निवडीचा. रस्ता अडवण्यासाठी इंग्लंडमध्ये १९८० च्या हायवेज ॲक्टचे कलम १३७ होतेच. त्यात पूर्वी फक्त दंड होता, २०२२ मध्ये तुरुंगवास आला, पण तो काही महिन्यांचा. सरकारी पक्षाने इथे ‘सार्वजनिक उपद्रवाचा कट’ लावला. कटाच्या आरोपात हिशेबाची पद्धतच बदलते. कमानीवर चढलेल्याच्या नावावर त्याच्या एका कमानीचा खोळंबा येतो. कटात असलेल्याच्या नावावर ४५ जणांचा, चार दिवसांचा, शिवाय जे घडवायचे ठरले होते पण पोलिसांनी आधीच धरपकड केल्यामुळे घडले नाही, तेही येते. प्रत्येकाच्या खात्यावर पूर्ण रक्कम, वाटणी नाही.

हॅलम यांचे म्हणणे होते की, मला पाहुणा वक्ता म्हणून बोलावले, मी सविनय कायदेभंगावर वीसेक मिनिटे बोललो, नियोजनात माझा हात नव्हता. न्यायाधीशांना ते पटले नाही. त्यांच्या लेखी हॅलम हे या कटाचे विचारसूत्र पुरवणारे होते. शिवाय पाचही जणांच्या नावावर आधीच्या आंदोलनांतील दोषसिद्धी होत्या आणि दुसऱ्या खटल्यांत जामिनावर असताना ते या कॉलवर बसले होते. शिक्षा वाढवायला इंग्लंडमध्ये ही कारणे नेहमीच चालतात. चोरालाही चालतात.

खोळंब्यातली माणसे

आंदोलनाच्या बाजूने लिहिणारे इथे घाईने पुढे जातात, म्हणून मी थोडा थांबतो. न्यायालयात सांगितले गेले की एका कर्करोगाच्या रुग्णाची रुग्णालयातली वेळ या खोळंब्यात हुकली आणि पुढची वेळ मिळायला त्याला दोन महिने लागले. आजार झपाट्याने वाढणारा होता. लोकांचे अंत्यविधी चुकले, परीक्षा चुकल्या. वाहतूक सांभाळणारा एक पोलीस मोटरसायकलवरून पडला आणि त्याच्या डोक्याला मार लागला. हे ‘गैरसोय’ या शब्दात मावत नाही. एम२५ निवडण्याचे कारणच हे होते की तिथे थोडी माणसे फार मोठी वाहतूक थांबवू शकतात. त्या वाहतुकीत कोण असेल हे निवडता येत नाही, आणि हे कॉलवरच्या माणसांना ठाऊक होते.

म्हणून ‘शांततामय होते, तर शिक्षाच नको’ ही भूमिका मला घेता येत नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयही ती घेत नाही. २००३ मध्ये लिथुआनियात दुधाच्या आणि शेतमालाच्या भावासाठी शेतकऱ्यांनी तीन महामार्ग साधारण दोन दिवस अडवले होते. त्यातल्या पाच जणांचे प्रकरण २०१५ मध्ये त्या न्यायालयाच्या मोठ्या पीठापुढे गेले. मुद्दाम रस्ते अडवणे हा सभास्वातंत्र्याचा गाभा नाही आणि त्याबद्दल शिक्षा करणे हे मानवाधिकारांचे उल्लंघन नाही, असा निकाल लागला. आज हा निकाल ब्रिटनमध्ये सरकारी वकील आवर्जून उद्धृत करतात. त्या पाच शेतकऱ्यांना झालेली शिक्षा मात्र सहसा सांगितली जात नाही: ६० दिवस, आणि तेही स्थगित. तुरुंगात प्रत्यक्ष एक दिवसही नाही. तिथेही पाच आरोपी, इथेही पाच.

ज्युरीने काय ऐकायचे नाही

कलम ७८ मध्ये ‘वाजवी कारण’ हा बचाव लिहिलेला आहे. कृत्य केले, पण त्याला वाजवी कारण होते, असे आरोपीने दाखवले तर तो सुटू शकतो. पाचही जणांना तेच दाखवायचे होते. हवामानाचे काय होते आहे, शास्त्रज्ञ काय सांगत आहेत, हे ज्युरीपुढे मांडायचे होते. न्यायाधीशांनी हा बचावच ज्युरीपुढे जाऊ दिला नाही. हवामानबदलाचा पुरावा या खटल्यात अप्रस्तुत आहे, आरोपींनी आपली श्रद्धा काय ती थोडक्यात सांगावी आणि थांबावे, असा आदेश झाला. आरोपी थांबले नाहीत. भर न्यायालयात वादावादी झाली, काहींना बाहेर काढावे लागले. बाहेर ‘ज्युरीला संपूर्ण सत्य ऐकू द्या’ अशा आशयाचे फलक धरलेल्यांना अटक झाली.

फलकांवरून अटक ही गोष्ट इंग्लंडमध्ये जरा विचित्रच दिसते. लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात एक संगमरवरी पाटी आहे. १६७० मध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड यांच्यावर रस्त्यात प्रवचन करून बेकायदा जमाव जमवल्याचा खटला चालला. ज्युरी दोषी ठरवायला तयार होईना, तेव्हा तिला अन्नपाण्याविना कोंडून ठेवले गेले. ज्युरी बधली नाही. पुढे न्यायालयानेच मान्य केले की निकालाबद्दल ज्युरीला शिक्षा करता येत नाही. त्या पाटीवर हीच हकीकत कोरलेली आहे. २०२३ मध्ये एका निवृत्त बाईंनी दुसऱ्या एका न्यायालयाबाहेर, साधारण तोच मजकूर पुठ्ठ्यावर लिहून, हातात धरला, तर त्यांच्यावर न्यायालयाच्या अवमानाची कारवाई करायला सरकार निघाले. एप्रिल २०२४ मध्ये हायकोर्टाने ती कारवाई पुढे चालवायला परवानगी नाकारली. (मुंबई उच्च न्यायालयातही टिळकांच्या वाक्याची पाटी आहे, ज्युरीच्या निर्णयापलीकडच्या एका न्यायासनाची आठवण करून देणारी. न्यायालयांना अशा पाट्या उशिरा का होईना लावाव्या लागतात.)

एवढे मात्र खरे की कारणच ऐकले नाही तर शिक्षा ठरवताना ते तोलायचे कसे, हा प्रश्न न्यायाधीशांपुढे उभा राहायला हवा होता. हेहिर यांनी निकाल देताना म्हटले की, तुमची काळजी काही प्रमाणात अनेकांचीही काळजी आहे. मग लगेच म्हटले की, तुम्ही चिंतित कार्यकर्त्यापासून माथेफिरूपर्यंतची रेषा ओलांडली आहे. पर्यावरणविषयक माहितीचा आणि लोकसहभागाचा हक्क देणाऱ्या आर्हस करारांतर्गत पर्यावरणरक्षकांसाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी मिशेल फोर्स्ट हा खटला पाहायला आले होते. शांततामय पर्यावरण आंदोलनासाठी हा काळा दिवस आहे, असे त्यांनी जाहीर केले.

एक जुना अलिखित करार

२००६ मध्ये लॉर्ड हॉफमन यांनी एका निकालात लिहिलेला परिच्छेद इंग्लंडमधल्या प्रत्येक आंदोलन-खटल्यात वाचला जातो. प्रकरण इराक युद्धाच्या वेळी लष्करी तळांवर घुसलेल्यांचे होते. त्याचा आशय असा. सद्सद्विवेकापोटी कायदा मोडण्याची या देशात जुनी आणि मानाची परंपरा आहे. कधी कधी इतिहास कायदा मोडणाऱ्यांनाच बरोबर ठरवतो. मताधिकारासाठी लढलेल्या स्त्रिया आठवा. या परंपरेला दोन्ही बाजूंचे संकेत आहेत. आंदोलकाने तारतम्य ठेवावे, अती नुकसान आणि अती त्रास टाळावा आणि शिक्षा मुकाट स्वीकारावी. पोलिसांनी आणि सरकारी वकिलांनी संयम ठेवावा, आणि न्यायाधीशाने शिक्षा देताना आंदोलकाची सद्सद्विवेकबुद्धी ध्यानात घ्यावी.

या संकेतांवर तिथली न्यायालये बरीच वर्षे चालली. २०१७ मध्ये लँकशायरात जमिनीखालून वायू काढण्याच्या प्रकल्पाविरुद्ध काही जण ट्रकांच्या टपांवर चढून बसले. २०१८ मध्ये त्यातल्या तिघांना १५ ते १६ महिन्यांचा तुरुंगवास झाला. अपिलात काही आठवड्यांतच तो रद्द होऊन सशर्त सुटकेवर आला. त्या वेळी वर्तमानपत्रांनी लिहिले होते की १९३२ मध्ये किंडर स्काउटच्या डोंगरावर खुलेआम फिरण्याच्या हक्कासाठी घुसलेल्यांनंतर पर्यावरणासाठी तुरुंगात गेलेले हे पहिलेच. म्हणजे त्यांच्या हिशेबाने ८६ वर्षांत पहिली शिक्षा, तीही टिकली नाही. आणि तिथून पाच वर्षांत, एप्रिल २०२३ मध्ये, डार्टफर्डच्या पुलावर चढलेल्या दोघांना तीन वर्षे आणि दोन वर्षे सात महिने. त्यांचे अपील फेटाळले गेले. हेहिर यांची शिक्षा या पायऱ्यांवरची पुढची पायरी आहे. आभाळातून पडलेली नाही.

करार आधी कोणी मोडला? सरकारी उत्तर: आंदोलकांनी, कारण तारतम्याची अट त्यांनी सोडली. एम२५ पुरते ते मला मान्य आहे. पण कराराचे दुसरे टोकही पाहावे लागते. संयम ठेवण्याची अट सरकारी वकिलांवर होती आणि त्यांनी उपलब्ध आरोपांतला सर्वांत जड आरोप निवडला. हेतू ध्यानात घेण्याची अट न्यायाधीशांवर होती आणि त्यांनी तो ‘माथेफिरू’ या शब्दात बसवला.

शिक्षा कठोर असणे आणि आरोपीला मान देणे यांत मुळात विरोध नाही. अहमदाबादला १८ मार्च १९२२ रोजी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांनी गांधीजींना सहा वर्षे दिली. टिळकांच्या १९०८ च्या शिक्षेचा दाखला देऊन दिली. पण पुढे परिस्थिती निवळून सरकारने ही मुदत कमी केली तर माझ्याइतका आनंद कोणाला होणार नाही, असेही तेच म्हणाले. गांधीजींनी शिक्षा मागून घेतली होती, न्यायाधीशाने ती संकोचत दिली. सदर्कमध्ये संकोच कोणत्याच बाजूला नव्हता.

अपील

जानेवारी २०२५ च्या अखेरीस अपील न्यायालयात दोन दिवस सुनावणी झाली. चार वेगवेगळ्या खटल्यांतले १६ जण एकत्र होते: कॉलवरचे पाच, कमानींवरचे, तेलसाठ्याच्या वाटेखाली बोगदा खणून बसलेले, आणि व्हॅन गॉगच्या सूर्यफुलांच्या चित्रावरील काचेवर सूप फेकणाऱ्या दोघी. ‘ग्रीनपीस’ आणि ‘फ्रेंड्स ऑफ द अर्थ’ यांनी हस्तक्षेप अर्ज केले. बाहेर शेकडो लोक न बोलता रस्त्यात बसून राहिले.

७ मार्चचा निकाल मुख्य न्यायाधीश लेडी कार यांच्या पीठाचा. सोळांपैकी सहा जणांची शिक्षा कमी झाली, दहा अपिले फेटाळली. हॅलम पाचवरून चार वर्षे. दोघे चारवरून तीन. दोघी चारवरून अडीच, त्यात ती २२ वर्षांची. सहावी व्यक्ती कमानीवर चढलेली सत्तरी ओलांडलेली बाई. तिचे दोन महिने कमी झाले.

तत्त्वाच्या पातळीवर न्यायालयाने दोन गोष्टी सांगितल्या आणि दोन्ही महत्त्वाच्या आहेत. गुन्हा गंभीर असला तरी सद्सद्विवेकाचा हेतू हिशेबातून बाद होत नाही; तो तोलावाच लागतो, फक्त कृत्य जितके प्रमाणाबाहेर तितके त्याचे वजन कमी. दुसरे, इतरांना जरब बसावी म्हणून कडक शिक्षा देणे हा वैध हेतू आहे. वर्षे कमी झाली, पण २०१८ ची मोजपट्टी काही परत आली नाही. तेव्हा तुरुंग का, हे न्यायाधीशाला सांगावे लागत होते. आता तुरुंग गृहीत आहे आणि वाद महिन्यांचा आहे. चळवळीच्या वकिलांनी याला अंशतः विजय म्हटले. सोळांतल्या दहांची शिक्षा तशीच राहिली, तेव्हा मला तो शब्द जरा उदार वाटतो.

जरबेचे काय झाले, हे पाहायला या प्रकरणात एक विचित्र कालक्रम आहे. ज्युरीने ११ जुलै २०२४ ला पाच जणांना दोषी ठरवले. दुसऱ्याच दिवशी नव्या सरकारच्या न्यायमंत्री शबाना महमूद यांनी जाहीर केले की तुरुंग भरून गेले आहेत, म्हणून अनेक कैद्यांना मुदतीचा ४० टक्के भाग भोगल्यावर सोडावे लागेल. सहा दिवसांनी त्याच भरलेल्या तुरुंगांत पाच माणसे एकूण २१ वर्षांसाठी पाठवली गेली. आणि अपिलाच्या निकालानंतर २० दिवसांनी, २७ मार्च २०२५ ला, ‘जस्ट स्टॉप ऑइल’ने रस्त्यावरची आंदोलने थांबवत असल्याचे जाहीर केले. नवे परवाने नकोत ही आमची मागणी आता सरकारचेच धोरण झाली आहे, हे त्यांचे कारण. लेबर पक्षाच्या २०२४ च्या जाहीरनाम्यात नव्या तेलक्षेत्रांच्या शोधासाठी परवाने न देण्याचे वचन खरोखरच होते. टीकाकार म्हणाले, कारण वगैरे काही नाही, तुरुंगाची भीती. दोन्ही बाजू आपापल्या सोयीचे कारण पुढची अनेक वर्षे सांगत राहतील.

२६ एप्रिलला लंडनच्या पार्लमेंट स्क्वेअरमधून त्यांनी शेवटचा मोर्चा काढला. कॉलवरच्या पाच जणांची मागणी तोवर सत्ताधारी पक्षाच्या जाहीरनाम्यात छापलेली होती, आणि त्या मागणीमागचे कारण ज्युरीपुढे मांडू न देणारा आदेश अपिलानंतरही तसाच होता. अपील फक्त शिक्षेवर होते.